महिन्याचा आकार

सर, मागच्या सोमवारी माझं काम संपलं. कुणी रागावलं नाही, माझी काही चूकही निघाली नाही. सकाळी अकरा वाजता पुण्याच्या ऑफिसातल्या बाई स्क्रीनवर आल्या आणि त्यांनी सांगितलं की ज्या परदेशी बँकेचं काम आम्ही करतो, तिनं मेनफ्रेमच्या, म्हणजे तिच्या त्या मोठ्या मशीनच्या, ऑपरेटिंग सिस्टीमचा करार बदललाय. आता पैसे वेगळ्या पद्धतीनं आकारले जाणार, त्यामुळं मी चौदा वर्षं जे करत होते त्याची गरज उरलेली नाही. फार अदबीनं बोलल्या. मी ठीक आहे म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढून घड्या घालत बसले. आईच्या आजारपणापासून मी इथं धाराशिवला, म्हणजे आपल्या वेळच्या उस्मानाबादला, घरूनच काम करत होते. आई गेली आणि मी इथंच राहिले. त्या दिवशी कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं तर आधी सगळं समजावून द्यावं लागणार, आणि तेवढं बोलायचं त्राण नव्हतं. न समजावता ज्याला कळलं असतं असा माणूस एकच आठवला. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली.

तुम्ही आम्हाला कॉलेजात गणित शिकवत होतात. त्याआधी हैदराबादला एका मोठ्या सरकारी कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागात होतात, एवढंच आम्हाला माहीत. मी तेरहून एसटीनं यायचे. वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजात तेव्हा एकही कॉम्प्युटर नव्हता. तरी एकदा तुम्ही फळ्यावर सोळाच्या पायाचे आकडे लिहिलेत, एफपर्यंत अक्षरं असलेले, आणि वजाबाकी विचारलीत. मी बसल्या जागेवरून उत्तर सांगितलं. तास संपल्यावर तुम्ही दारात थांबलात. म्हणालात, "रविवारी नळदुर्गला ये. तुला दाखवण्यासारखं आहे माझ्याकडं." वडिलांना वाटलं, सर शिकवणी लावायला सांगणार. ते पहिल्या खेपेला माझ्याबरोबर आले, तुमच्या ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले आणि भीतभीतच म्हणाले, "सर, फीचं काय ते आधी सांगा, म्हंजे मला जमंल का न्हाय ते बघतो." तुम्ही म्हणालात, "फी न्हाय. पोरीनं यायचं तेवढं थांबवू नका."

तुमच्या त्या हमरस्त्याकडच्या घरात लोखंडी कपाट होतं, आणि ते कपाट, पलंगाखालची जागा, माळा, सगळं रुंद कागदांच्या गठ्ठ्यांनी भरलेलं होतं. फिकट हिरव्या पट्ट्यांचे, कडेला भोकं असलेले कागद. त्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. काकूंनी त्यातले तुम्ही टाकाऊ म्हणून दिलेले कागद स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरले होते, डब्यांखाली. "लोक हैदराबादहून मोती आणतेत," काकू मला म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी नोकरी सोडली अन् टेम्पोभर कागद आणला." तुम्ही हसलात. बाहेरून ट्रक जायचे तेव्हा डबे हलायचे.

बसायचो आपण स्वयंपाकघरातच, कारण टेबल तिथं होतं. तुम्ही एक गठ्ठा उलगडलात आणि सांगितलंत की ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मोठ्या मशीनला कुठलं काम आधी करायचं, कुठलं थांबवायचं, कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवणारा प्रोग्राम. मशीन बनवणारी कंपनी मशीनबरोबर तो द्यायची, आणि नुसता चालता नाही, तर माणसानं जसा लिहिला तसा अख्खा, टेपवर. तो वाचता यायचा, बदलता यायचा. मी विचारलं, "म्हंजे फुकट द्यायचे?"

तुम्ही माझ्यावर रागावलात ते तेवढंच एकदा. "फुकट म्हणू नको. मशीनचं भाडं बघितलं असतंस तर हा शब्द तोंडातनं निघाला नसता. त्या भाड्यातच सगळं धरलेलं होतं. प्रोग्राम, शिकवायला येणारी माणसं, बिघडलं तर धावत येणारा इंजिनियर. वेगळा आकडा दाखवत नव्हते, एवढंच." मग तुम्ही मला त्याची सगळी हकिगत सांगितलीत. कंपनी इतकी मोठी झाली की तिकडं अमेरिकेत तिच्यावर खटले उभे राहिले. मग तिनं किमती सुट्या केल्या, शिकवण्याचे वेगळे, हिशेबाच्या प्रोग्रामांचे वेगळे. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र काही वर्षं तशीच राहिली, कारण तिच्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड. नंतर तिचे नवीन भाग महिन्याच्या आकारानं, म्हणजे दरमहा पैसे भरून, यायला लागले, आणि होता होता सगळी सिस्टीमच महिन्याच्या आकारावर गेली. शेवटी मूळ लिहिलेला प्रोग्राम देणंही बंद झालं. चालता मिळायचा, वाचता यायचा नाही.

"पैसे घ्यावेत की," तुम्ही म्हणालात. "लिहिणाऱ्यालाही पोट आहे. पण मी दर महिन्याला भाडं भरायचं, अन् घरातल्या एका खोलीची किल्ली मात्र मालकाच्या खिशात, हे मला पटलं न्हाय." मी पुढं कितीतरी वर्षं असं समजत होते की तुम्ही राजीनामा त्यासाठीच दिलात. एकदा काकूंना तसं बोलले, तर त्या म्हणाल्या, "कशाचं गं. सासूबाईंचं कंबरडं मोडलं, बघायला कुणी नव्हतं. म्हणून आलो आमी." तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलंत.

हैदराबादला वीज सारखी जायची, आणि वीज गेली की पेन्शनचं चार तास चाललेलं काम पहिल्यापासून करावं लागायचं. म्हणून तुम्ही सिस्टीमच्या पोटात हात घालून दीडएकशे ओळी लिहिल्या होत्या. वीज परत आली की काम जिथं थांबलं त्याच टप्प्यापासून पुढं सुरू व्हायचं. त्या ओळींच्या उजव्या कडेला तुमच्या नावाची तीन आद्याक्षरं होती. त्या दीडशे ओळी समजण्यासाठी मला आधी कितीतरी हजार ओळी वाचाव्या लागल्या. दीड वर्ष, एक रविवार सोडून एक. अजून मला ते दिसतं. काकू परातीत शेंगोळ्या वळतायत, हुलग्याच्या पिठाचा वास सुटलाय, तुमचं बोट एका ओळीवर आहे. तुम्ही विचारता, "हितं अन् हितं, ह्या दोन ओळींच्या मध्येच वीज गेली तर?" मी बराच वेळ बघते. मग सांगते की पहिल्या ओळीत खूण झालेली असेल पण काम झालेलं नसेल, म्हणजे परत आल्यावर तो टप्पा राहून जाईल. तुम्ही काकूंना म्हणता, "हिला आणखी वाढ." पुढच्या खेपेला बघते तर तुम्ही त्या दोन ओळींची अदलाबदल पेन्सिलीनं करून ठेवलेली असते, आणि हैदराबादला पत्र टाकलेलं असतं की मशीनवरही तसं करून घ्या.

मला हैदराबादच्या त्या कार्यालयात नोकरी लागली तीही तुमच्याच चिठ्ठीवर. निघताना तुम्ही मला घडीचं पिवळं कार्ड दिलंत, मशीनच्या सगळ्या आज्ञा त्यावर बारीक अक्षरात छापलेल्या. घड्यांवर तुम्ही चिकटपट्टी लावली होती.

सात वर्षं मी तिथं होते. मोठ्या हॉलमध्ये नवीन मशीन होतं, त्याच्या सिस्टीमचा आकार दर महिन्याला जायचा. फळ्यांच्या आडभिंतीमागं जुनं मशीन होतं, केव्हाच विकत घेऊन टाकलेलं, आणि त्यावर तुमची ती जुनी सिस्टीम, जिला कुठलाच आकार नव्हता. पेन्शन अजून तिच्यावरच चालायची. ते मशीन माझ्याकडं आलं. दोन-तीन वर्षांतच मला त्याची नस न् नस कळली. एकदा तुमच्याच ओळींत तारखेचा एक घोळ निघाला, तो मी एका दुपारी बसून दुरुस्त केला आणि दिवाळीच्या पत्रात तुम्हाला कळवलंही.

मग नवीन साहेब आले. विक्रेत्याच्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं की जुनं मशीन बंद करून सगळं काम नव्यावर आणलं तर सवलत देऊ. साहेबांना घाई नव्हती. हैदराबादी माणूस, संथ. मला बोलावून म्हणाले, "पुराना तुम समझते ना? समझते तो लिख के देव. चलाएंगे, तुमकु यहींच रखेंगे." माझ्या पर्समध्ये त्या वेळी पुण्याच्या एका खाजगी कंपनीचं नेमणुकीचं पत्र होतं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. पगार तिपटीनं. वडील रिटायर झाले होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं, पण ही कारणं मी नंतर जमवली. खरं म्हणजे मला निघायचं होतं. त्या आडभिंतीमागं म्हातारं व्हायचं नव्हतं. मी समजतं असं लिहून दिलं असतं तर साहेबांनी मला दोन-तीन वर्षं तरी सोडलं नसतं. मी म्हटलं, "चलाने आता साब, अंदर का नै समझता."

साहेबांना लिहून दिलेल्या टिप्पणीतही तेच लिहिलं. बाकीचे मुद्दे खरे होते. सुटे भाग मिळत नव्हते, नव्या माणसांना जुनं शिकवणं अवघड होतं. पण साहेबांनी ज्या वाक्याखाली रेघ ओढली ते मराठीत असं झालं असतं: मूळ प्रणालीत केलेले बदल समजणारी व्यक्ती सध्या कार्यालयात उपलब्ध नाही. खाली माझी सही. तीन आठवड्यांत मला कार्यमुक्त केलं.

जुनं मशीन बंद झालं ते मी बघितलं नाही. पुण्याला होते. हैदराबादच्या सोबतच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं की उन्हाळ्यात एकदा भर दुपारी वीज गेली, पेन्शनचं काम अर्ध्यात पडलं आणि ते पहिल्यापासून करावं लागलं. त्यातच आकडे दुबार पडले, ते निस्तरण्यात आठवडा गेला. तुम्ही केली होती तसली सोय नव्या सिस्टीमला होती, पण ती वेगळी घ्यावी लागायची, तिचा आकार वेगळा, आणि तो कुणी धरलेलाच नव्हता. म्हातारी माणसं रोज येऊन बाकावर बसायची, म्हणाल्या. पुढच्या महिन्यापासून कार्यालयानं ती सोयही घेतली. मी "अरेरे" म्हटलं आणि पुण्याच्या हवेबद्दल बोलायला लागले.

त्या दिवाळीत मी नळदुर्गला आले. तुम्ही आरामखुर्चीत होतात, बारीक झाला होतात. काकूंनी चिवडा आणून ठेवला. तुम्ही माझ्या नव्या नोकरीची सगळी चौकशी केलीत, मशीन केवढं, माणसं किती, राहायला कुठं. मग म्हणालात, "टिप्पणी वाचली तुझी. तिथल्या जुन्या एकानं झेरॉक्स पाठवली. चांगली लिहिलीस. मुद्दे बरोबर आहेत."

मी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला करत राहिले.

"एकच विचारायचं होतं," तुम्ही म्हणालात. "खरंच कुणाला कळत नव्हतं?"

"मलाही वरवरच कळलं होतं, सर," मी म्हणाले.

तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकानं पुसलात आणि तसाच हातात धरून ठेवलात. "मग शिकवण्यात माझंच कुठंतरी राहून गेलं," म्हणालात. "पण खरं लिहिलंस ते बरं केलंस. न कळणारी गोष्ट कळते म्हणून चालवणं लई वाईट." एवढं बोलून तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत. मी पाचच्या गाडीनं परत गेले.

तारखेच्या दुरुस्तीचं माझं पत्र तुम्हाला मिळालेलं होतं. त्याचं तुमचं उत्तर माझ्याकडं आहे, दोन ओळींचं, "योग्य केलेस" म्हणून. मग त्या दिवशी तुम्हाला ते आठवलं नाही, का आठवलं आणि तुम्ही मला जाऊ दिलंत, हे मला कळलेलं नाही. आता कळायचा मार्गही नाही. त्यानंतर एकदाच भेटलो, तुमच्या मुलाच्या घरी सोलापूरला, चार माणसांत. नंतर तुम्ही गेल्याचा फोन आला. मी तिसऱ्या दिवशी नळदुर्गला पोचले. काकूंनी कपाट उघडून दाखवलं, म्हणाल्या, "तुझ्याच कामाचं हाय ह्ये. न्हेतीस का?" मी म्हटलं, पुण्याची जागा लहान आहे. काकू म्हणाल्या, "व्हय बाई, ठेवणार तरी कुठं."

तुम्ही गेल्यावर काय काय झालं ते सांगते, कारण तुम्ही विचारलं असतंत. आधी मशीन जेवढं मोठं तेवढा महिन्याचा आकार जास्त होता, तुमच्या माहितीतलाच. काम तेवढंच असलं तरी मोठं मशीन घेतलं की सिस्टीम महाग. गिऱ्हाइकं कुरकुरली. मग असं निघालं की मशीन केवढं का असेना, त्यातलं वापरलं किती ते बघायचं. तेही सरळ नाही. सिस्टीम स्वतःच आपला वापर मोजत राहते, आणि महिनाभरात ज्या सलग चार तासांत मशीन सगळ्यात जास्त राबलं, त्या चार तासांच्या सरासरीवर अख्ख्या महिन्याचा आकार. आपल्याकडं कारखान्याला वीजमंडळ मागणी आकार लावतं तसंच. महिन्यात एक दिवस घोटाळा झाला, एखादा प्रोग्राम वेड्यासारखा फिरत राहिला, की बाकीचे एकोणतीस दिवस शहाण्यासारखं वागून उपयोग नाही.

ते चार तास राखणं हे माझं काम होतं. कुठलं काम दुपारी पुढं ढकलता येतं, कुणाला किती मर्यादा घालायची, मर्यादा घातली तर बँकेच्या काउंटरवरचा माणूस किती खोळंबेल, हे बघायचं. मी त्यात चांगली होते, सर. हे बढाई म्हणून सांगत नाही. इतरांना पडद्यावर आलेख दिसायचा, मला आतलं दिसायचं, कोण कुणासाठी थांबलंय ते. ते मी तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. धाराशिवचा हा फ्लॅट त्याच्यावरच झाला. आणि आता नव्या करारात ते चार तास गेले. वर्षभरात एकूण वापर किती, त्याचे पैसे. टोक राखायला नको, म्हणून राखणारी नको. हे कदाचित जास्त न्यायाचंही असेल. मला आता त्यावर मत बनवायचासुद्धा कंटाळा येतो. एवढी वर्षं पद्धती बदलत गेल्या, दर वेळी कुणीतरी येऊन हीच खरी रास्त म्हणून सांगितलं, आणि दर वेळी मी नवी पद्धत शिकून घेतली. या वेळी शिकायला कुणी बोलावलं नाही, याचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही. पाय दुखतात फक्त, आणि दुपारी झोप येते.

काकू सोलापूरला आहेत, नव्वदीला आल्यात. ऐकू कमी येतं. परवा त्यांना फोन लावावा असं मनात आलं होतं, निदान त्यांना तरी सांगावं. पण मोठ्यानं ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. हे पत्र लिहिलंय, तर ते पाठवायचं कुठं हाही प्रश्न नाहीच.

टिप्पणीतल्या वाक्याचं मी तुम्हाला सांगितलं, पण त्याबद्दल मला माफी मागायची आहे असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. तो कागद आज पुन्हा समोर आला तर बहुतेक मी तसंच लिहीन. ते वाक्य मला तिथून सुटायला लागत होतं. पण दिवाळीत तुमच्या समोर बसून जे बोलले, ते कशालाच लागत नव्हतं. मी तेव्हा सुटून आठ-नऊ महिने झाले होते, पुण्याची नोकरी पक्की होती, आणि तुम्ही कुणाला काही सांगायला जाणार नव्हतात. तुम्ही नुसतं विचारलंत, आणि मला खरं बोलायला अवघड वाटलं, एवढंच.